ईसीजी कॅलिपर: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या आयसीसीयूत (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात) स्टाफ नर्स आहे. मेडिसिन वॉर्डातून इथे बदली झाली तेव्हा एएफ (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर), व्हीटी (खालच्या कप्प्यांतून उठणारे वेगवान ठोके) ओळखता यायचे. हार्ट ब्लॉकचे (वरच्या कप्प्यांचा विद्युत संदेश खाली जाताना अडण्याचे) प्रकार मात्र तोंडपाठ असूनही ईसीजीची स्ट्रिप हातात आली की गोंधळ उडायचा. आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "आधी माप घे, मग नाव दे." म्हणून जूनमध्ये प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सर्जिकलच्या दुकानातून दोन टोकदार पायांचा, कंपाससारखा, अंतर मोजायचा स्टीलचा कॅलिपर आणला. पैसे पुरेपूर वसूल झाले आहेत.

रेट (मिनिटाला ठोके) काढायला कॅलिपर लागत नाही. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, दोन आरमधले (आर म्हणजे ठोक्याचं उंच टोक) मोठे चौकोन मोजून ३०० ला भागलं की झालं. खरा उपयोग होतो तो लपलेली पी वेव्ह, म्हणजे वरच्या कप्प्यांची छोटी लहर, शोधायला.

एका आजोबांची स्ट्रिप होती. आर-आर अंतर बरोबर ८ मोठे चौकोन, म्हणजे रेट ३८ च्या आसपास, ठोके अगदी नियमित. मशीनने वर सायनस ब्रॅडिकार्डिया (लय नेहमीची, फक्त संथ) छापलं होतं. शेजारशेजारच्या दोन स्पष्ट पींवर टोकं टेकवली, अंतर आलं साडेतीन चौकोन. ते न हलवता एक पाय उचलून पुढे टाकला, तर टोक पडलं टी वेव्हच्या (ठोक्यानंतरच्या लहरीच्या) उतारावर, आणि तिथे बारीकसा उंचवटा होताच. आणखी काही पावलांनंतर टोक थेट क्यूआरएसमध्ये (खालच्या कप्प्यांच्या उंच लहरीत) गेलं, त्याच्या पुढची पी परत स्वच्छ दिसली. पी आपल्या चालीने, क्यूआरएस आपल्या चालीने, पीआर (पीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर) दर वेळी वेगळा. कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजे एकही संदेश खाली पोचत नाही. हाउसमनना (निवासी डॉक्टरांना) स्ट्रिप दाखवली, त्यांनी लेक्चररना (वरिष्ठ डॉक्टरांना) बोलावलं आणि पेसिंगची (यंत्राने ठोके देण्याची) तयारी सुरू झाली. शिकायचं तर असं, आपल्या डोळ्यांनी माप घेऊन.

मध्येच एखादा ठोका गळाला, तर आता मी पहिल्यांदा पी-पी मोजते. पी वेळेवर आली पण क्यूआरएस आला नाही, म्हणजे ब्लॉक. मग पीआर बघायचा: हळूहळू वाढत जाऊन ठोका गळाला तर वेन्केबाख प्रकार, पीआर जराही न बदलता अचानक गळाला तर मोबिट्झ टू, आणि तो लगेच कळवायचा. पण पी वेळेआधीच येऊन टी वेव्हमध्ये दडली असेल तर तो ब्लॉक नाही, खाली न पोचलेला एपीसी (वरच्या कप्प्यांतला वेळेआधीचा ठोका) आहे. टी वेव्हचा आकार जरा टोकदार दिसला की मला आता आपोआप शंका येते. वेन्केबाख या डच डॉक्टरांनी त्यांच्या नावाचा हा प्रकार १८९९ साली, ईसीजी मशीन प्रचारात येण्याआधी, नाडीच्या आलेखावरून मांडला होता, तोही निव्वळ अंतरं मोजून! हे वाचल्यापासून मापावरचा माझा विश्वास दुणावला.

रेट १५० वर स्थिर असेल तर आर-आरचं अंतर निम्मं करून फ्लटर वेव्ह (वरच्या कप्प्यांच्या वेगवान, नियमित लहरी) शोधते. दोनास एक कंडक्शन (दोन लहरींमागे एकच ठोका) असेल तर दर दुसरी वेव्ह क्यूआरएस किंवा टीमध्ये मिसळलेली असते.

मात्र मॉनिटरवर रुंद क्यूआरएसची धावपळ दिसली, म्हणजे व्हीटीची शंका आली, तर कॅलिपरला हात लावू नका. आधी पेशंट बघा, पल्स बघा.

तक्रारी आहेत. पावसाळ्यात बिजागरीला गंज धरला, तेव्हापासून दर आठवड्याला तेलाचा थेंब सोडते. पाय सैल झाले की माप सरकतं, स्क्रू आवळावा लागतो. टोकं कागदाला भोकं पाडतात, म्हणून मूळ स्ट्रिपवर न वापरता झेरॉक्सवर वापरते. थर्मल कागद तसाही पुसट होत जातो. सरावाच्या स्ट्रिप गरम लॅमिनेशनला देऊ नका, कागद काळा पडतो. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो मापायला बिनकामाचा. आणि लोकलमध्ये टोकांवर टोपण हवंच.

घेताना दुकानातच ईसीजीचा कागद मागा. पाच मोठ्या चौकोनांवर, म्हणजे एका सेकंदावर, टोकं लावा, कॅलिपर उचलून दहा वेळा पुढे चालवा आणि परत त्याच चौकोनांवर ठेवून बघा. अंतर केसभरही बदललं तर दुसरा मागा.