धुळे–चाळीसगाव मेमू: गाडी झकास, लाइन एकेरी

धुळे–चाळीसगाव फाटा 1900 सालचा, लांबी साधारण 56 किलोमीटर. मधे जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर अशी मोजकीच स्टेशनं. डिझेल इंजिनाच्या पॅसेंजरच्या जागी इथे मेमू आली, म्हणजे वेगळं इंजिन न लावता डब्यातल्याच मोटरींवर चालणारी विजेची गाडी. एवढ्याशा फाट्याला शोभणारी गाडी हीच. तक्रार आहे ती गाडीबद्दल नाही.

पॅसेंजरचा बराच वेळ टोकांना जायचा. धुळ्याला पोचलं की इंजिन सोडा, बाजूच्या लाइनीने दुसऱ्या टोकाला आणा, जोडा, हवेचा दाब तपासा, मग निघा. मेमूला दोन्ही टोकांना केबिन असते, अगदी ट्रामसारखी. चालकाने टोक बदलून ब्रेकची चाचणी घेतली की गाडी तयार.

एक मोटर डबा आणि तीन साधे डबे मिळून एक संच. आठ डब्यांच्या गाडीत असे दोन संच. ब्रेक विजेच्या इशाऱ्यावर सगळ्या डब्यांना जवळजवळ एकदम लागतात आणि सुटतात. पॅसेंजरमध्ये नळीतला दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, आणि घडीघडी थांबणाऱ्या गाडीला तेच भोवतं. थ्री-फेज (नव्या प्रकारच्या विजेच्या मोटरींची) मेमू ब्रेक लावताना मोटरींतून वीज बनवून तारेत परत सोडते, त्यामुळे ब्रेकचे ठोकळेही कमी झिजतात.

खानदेशचा उन्हाळा मात्र या गाडीची परीक्षा घेतो. मोटरींना वीज पुरवणारी कन्व्हर्टर यंत्रणा हवेने थंड ठेवावी लागते. धुळीने जाळ्या तुंबल्या की तापमान चढतं आणि संरक्षण यंत्रणा तो संच बंद करते. दोनपैकी एक संच गेला म्हणजे निम्मी ताकद गेली. गाडी चालते, पण स्टेशनातून निघताना रेंगाळते. मे महिन्यात जाळ्यांची सफाई ठरल्या तारखेची वाट न पाहता धूळ बघून व्हायला हवी.

बसायचं तर मधल्या डब्यांत. मोटर डब्यात आवाज जास्त आणि यंत्रणेमुळे जागा कमी. सकाळी धुळ्याहून चाळीसगावला जाताना ऊन डावीकडून येतं आणि संध्याकाळी परतताना पुन्हा डावीकडूनच. म्हणजे अपडाऊनवाल्यांनी दोन्ही वेळा गाडीच्या दिशेने तोंड करून उजवी खिडकी धरावी. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या दाराजवळच्या मोकळ्या जागेत मावतात. दार मात्र अडवू नये, नाहीतर छोट्या स्टेशनावरचा थांबा चढण्या-उतरण्यातच संपतो.

खरं दुखणं एकेरी लाइनीचं. समोरून गाडी येत असेल तर क्रॉसिंगला, म्हणजे ती बाजूने निघून जाईपर्यंत, स्टेशनात थांबावंच लागतं, आणि मेमूने चपळाईने वाचवलेली मिनिटं तिथेच खर्ची पडतात. फेऱ्या वाढवायच्या तर नुसते डबे आणून भागणार नाही, मधल्या स्टेशनांवर क्रॉसिंगची सोय लागेल. तोवर चाळीसगावहून पुढे मुंबईची किंवा भुसावळची गाडी पकडायची असेल, तर अर्ध्या तासापेक्षा कमी अंतराच्या भरवशावर आरक्षण करू नका. पूल ओलांडून प्लॅटफॉर्म बदलायलाच पाच-सात मिनिटं धरा, सोबत सामान असेल तर दहा.