हेराल्डला ३.८९ चं डिफ: मराठवाड्यातल्या रस्त्यांसाठी घ्यावं का?

इंग्लंडहून रिकंडिशन होऊन येणारं ३.८९ रेशोचं डिफरन्शियल (डिफ, म्हणजे मागची चाकं फिरवणारा गिअरांचा डबा; ३.८९ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा शाफ्ट ३.८९ फेरे घेतो) ११४७ सीसी इंजिन असलेल्या हेराल्ड मोटारीला छान मानवतं. गाडी शेडमध्ये झाकून न ठेवता पळवायची असेल, तर घेण्यासारखी वस्तू आहे. पण खोक्यातून काढून थेट गाडीखाली चढवायची नाही.

हेराल्ड मद्रासला १९६१ पासून बनू लागली आणि १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर हेराल्डच्याच आखूड केलेल्या चासीवर आली. त्यामुळे दोघींचं डिफ एकाच घराण्यातलं. ९४८ सीसी हेराल्डला ४.८७५, ११४७ सीसीला आणि सुरुवातीच्या स्पिटफायरला ४.११, १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ ला ३.८९, पुढच्या १५०० ला ३.६३ आणि सहा सिलिंडरच्या जीटी६ ला ३.२७. स्टँडर्ड गझेलचा मागचा अ‍ॅक्सल या यादीत बसत नाही. तो अखंड लाइव्ह अ‍ॅक्सल (डिफ आणि दोन्ही चाकं एकाच कडक नळीला जोडलेली) आहे, भंगारात स्वस्त मिळाला तरी हेराल्डच्या कामाचा नाही.

फरक किती पडतो? १५५/८० आर १३ टायर आणि टॉप गिअर धरला, तर ताशी ८० किमीला ४.११ वर इंजिन साधारण ३०२० फेऱ्यांवर असतं, ३.८९ वर २८५५ आणि ३.६३ वर २६६५. संभाजीनगर-जालना सपाट रस्त्याला ३.६३ मोहात पाडतं. पण गाडी चाळीसगावकडे कन्नडच्या घाटातून न्यायची असेल किंवा बीडजवळ मांजरसुंब्याचा घाट चढायचा असेल, तर हिशेब बदलतो. ४.११ च्या तुलनेत ३.६३ वर चाकांची ओढ १२ टक्क्यांनी घटते, ३.८९ वर जेमतेम साडेपाच टक्क्यांनी. चार माणसं आणि डिकीत सामान असताना ११४७ सीसीला ३.६३ जड जातं. म्हणून आमचं मत ३.८९ च्या बाजूने.

माल हातात आला की रेशो आधी स्वतः मोजा. डब्यावरची चिठ्ठी, हौजिंगवरचा (बाहेरच्या कवचावरचा) रंग, ठोकलेला नंबर, कशावरच भिस्त ठेवू नका. पन्नास-साठ वर्षांत आतला क्राऊन-पिनियन (मोठा दातेरी गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा) कुणी बदललाय हे बाहेरून कळत नाही. एका बाजूचा फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) पक्का धरा, दुसऱ्या बाजूचा फ्लँज १८ फेरे फिरवा. क्राऊन त्यात ९ फेरे घेतो. पिनियनचे बरोबर ३७ फेरे झाले तर ४.११, बरोबर ३५ झाले तर ३.८९. एक-दोन फेऱ्यांत अंदाज बांधायला गेलात तर दोन्हींत गफलत होते, कारण एक चारच्या थोडं पुढे थांबतं आणि दुसरं थोडं अलीकडे.

रिकंडिशन या शब्दाखाली बरंच काही खपतं. बऱ्याच युनिटमध्ये नवी ऑईल सील आणि वरून काळा रंग एवढंच असतं. चिकलठाणा किंवा वाळूजच्या एमआयडीसीत डायल गेज असलेलं मशीन शॉप गाठा आणि क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) चार ठिकाणी मोजून घ्या. तो ०.१० ते ०.१५ मिमीच्या आत हवा. चारही ठिकाणी सारखा नसेल तर क्राऊन वाकडा बसलाय. मग दातांना मार्किंग ब्लू लावून फिरवा. ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे, टोकाला सरकला असेल तर शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी पळताना घूं घूं येते ती बहुतेक पिनियनच्या बेअरिंगमुळे किंवा चुकीच्या ठशामुळे. क्लच सोडताना खट्‌ वाजतं ते आतल्या छोट्या गिअरांमागचे थ्रस्ट वॉशर झिजल्यामुळे, किंवा प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेल्यामुळे. क्रॉस आधी तपासा, तो स्वस्तात सुटतो.

बसवताना खरी अडचण फ्लँजची. जुन्या गाड्यांच्या पिनियन फ्लँजला ५/१६ इंची बोल्ट, नंतरच्या काहींना ३/८. ऑर्डर देण्याआधी जुना फ्लँज कागदावर ठेवून छिद्रांचा नमुना काढा आणि विक्रेत्याला पाठवा. हौजिंगच्या माथ्याचा फोटोही मागवा: हेराल्डचा आडवा पाटा (मागची स्प्रिंग) तिथे ६ स्टडवर बसतो, मार्क ४ च्या स्विंग स्प्रिंगची मांडणी वेगळी असते. नुसता ३.८९ असं सांगितलं तर चुकीचं हौजिंग येऊ शकतं आणि परत पाठवायचं भाडं अंगावर पडतं.

काढण्याचा क्रम असा: चासी घोड्यांवर घ्या, दोन्ही बाजूंच्या व्हर्टिकल लिंकखाली (चाक धरणाऱ्या उभ्या भागाखाली) जॅक लावून पाट्याचा ताण उचला, त्यानंतरच शॉकअ‍ॅब्सॉर्बर सोडा. इथे घाई केली तर पाटा झटक्यात सुटतो, हात जायची भीती असते. मग प्रॉपेलर शाफ्टचे ४ बोल्ट, अ‍ॅक्सलचे प्रत्येकी ४, पाट्याचे ६ नट, पुढची रबरं आणि शेवटी मागचा लांब बोल्ट. तो बुशमध्ये गंजून चिकटलेला असतो. दोन दिवस आधीपासून तेल सोडत राहा. डिफ बाहेर आहे तोवर रबरं आणि बुश नवीनच टाका.

युनिट कोरडं येतं. गाडी सपाट उभी करून जीएल-५ ईपी ९० तेल लेव्हलच्या भोकापर्यंत भरा, साधारण ०.५७ लिटर लागतं. ब्रीदरचं (आतली हवा बाहेर सोडणारं) बारीक भोक तारेने मोकळं करा. आपल्याकडची काळी माती तिथे बसली की आत दाब वाढतो, नवं सीलसुद्धा गळायला लागतं आणि दोष सीलला दिला जातो.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून चालते, म्हणून ४.११ काढून ३.८९ टाकल्यावर काटा कमी दाखवतो. काटा ८० वर असताना गाडी साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास असते.

वस्तूची किंमत, जहाजभाडं आणि कस्टम ड्युटी धरून हा स्वस्तातला सौदा नाही. तुमचं ४.११ बिनआवाजाचं असेल आणि गाडी शहरातच फिरत असेल, तर बेअरिंग, सील नि बुश बदलून तेच ठेवा. बदलायची वेळ आलीच असेल, तर ६ स्टडच्या हौजिंगमधलंच ३.८९ मागवा आणि जुनं डिफ भंगारात देऊ नका. त्याचं हौजिंग आणि फ्लँज पुढे लागतातच.