गोवरची लस: रिव्ह्यू, आणि सक्तीचं पण बोलू
प्रॉडक्ट म्हणून लस जबरदस्त आहे, दोन डोस झाले की साधारण 97 टक्के संरक्षण, आणि 1963 पासून वापरात आहे म्हणजे काल आलेली गोष्ट नाही. साइड इफेक्ट म्हणाल तर कोणाला थोडा ताप, कोणाला पुरळ, बहुतेकांचं आपोआप जातं.

आता सक्ती करावी का... गोवरसाठी माझं उत्तर हो. लस नसलेल्या लोकांत एक पेशंट 12 ते 18 जणांना देतो, तो खोलीतून निघून गेला तरी व्हायरस दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि साथ रोखायला 95 टक्के लोकांनी घेतलेली लागते, मग ज्यांना घेताच येत नाही, अगदी तान्ही बाळं, केमो चालू असलेले, ते बिचारे बाकीच्यांच्या भरवशावर. धनुर्वाताचं तसं नाही हां, तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, तिथे सक्तीचा मुद्दा ढिला पडतो. त्यामुळे सरसकट सगळ्या लसी सगळ्यांना कंपल्सरी हे काय मला पटत नाही. आणि सक्ती केलीच तर क्वचित कोणाला खरंच त्रास झाला तर भरपाई पण सरकारनेच द्यावी, अर्धवट काम नको.

एक स्टार कापला, सुईसाठी. पोरं रडून घर डोक्यावर घेतात.