डेस्कटॉप की लॅपटॉप? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

दुकानात जाण्याआधी घरात दोन गोष्टी बघून घ्या. कॉम्प्युटर जिथं ठेवणार त्या भिंतीला जुलै-ऑगस्टमध्ये ओल येते का, आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीत दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी सुरू असताना त्या सॉकेटवर व्होल्टेज किती मिळतं. पहिल्याचं उत्तर घरातलं कुणीही सांगेल. दुसऱ्यासाठी वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. मिळायला हवेत २३० व्होल्ट, पण गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरात संध्याकाळी आकडा बराच खाली आलेला दिसतो.

पुण्या-बंगळूरहून येणारे सल्ले प्रोसेसरपासून सुरू होतात. आपल्याकडं मशीन किती वर्षं टिकणार हे करंट आणि पाऊस ठरवतात. ओलीनं, कमी-जास्त व्होल्टेजनं आणि वळवाच्या विजांनी गेलेली मशीनं मी बरीच उघडून बघितली आहेत. प्रोसेसर कमी पडला म्हणून कायमचं बंद झालेलं घरगुती मशीन मात्र आठवत नाही.

माझं मत आधीच सांगतो. कॉम्प्युटर एका जागी राहणार असेल आणि घरातले तिघं-चौघं तो वापरणार असतील, तर डेस्कटॉप घ्या. पैसे मोजकेच असतील तर ऑफिसातून निघालेला चांगल्या कंपनीचा सेकंडहँड डेस्कटॉप घ्या आणि उरलेल्या पैशात यूपीएस (लाईट गेल्यावर मशीन थोडा वेळ बॅटरीवर चालू ठेवणारा डबा) बसवा. मूल शिकायला धारवाड, बेळगाव नाहीतर कोल्हापूरला जाणार असेल, किंवा तुमचं घर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला असून पावसाळ्यात लाईट एकदा गेली की कधी येईल याचा भरवसा नसेल, तर लॅपटॉपच घ्या. या दोन्हींमधल्या घरांनी पुढचं नीट वाचावं.

लाईट गेली तर

इथं लॅपटॉप सरळ पुढं आहे. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस, आणि अॅडॉप्टर बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असल्यानं कमी व्होल्टेज त्याला जाणवतही नाही. डेस्कटॉप मात्र क्षणात बंद पडतो. टाईप करत असलेलं गेलं तर परत करता येतं, पण विंडोजचं अपडेट चालू असताना लाईट गेली तर मशीन पुन्हा नीट सुरू होईलच असं नाही.

म्हणून डेस्कटॉपची किंमत धरताना यूपीएस त्यातच धरा. घरासाठी ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसची ताकद मोजायचं माप) लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस पुरतो. तो व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तर स्वतः सावरून घेतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते. साधा डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटर असेल तर ती दहा-पंधरा मिनिटं देते. हा वेळ काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला आहे, त्यात पुढचं काम उरकत बसू नका. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटला कधीच लावू नका. तो तापताना एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, पण ती कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळते आणि चार स्क्रू काढून बदलता येते. लॅपटॉपची बॅटरीही तीन-चार वर्षांत थकते. तेव्हा त्या मॉडेलची अस्सल बॅटरी मिळणं अवघड जातं आणि डुप्लिकेट फुगते. नवा लॅपटॉप घेतलात तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा. दिवसभर चार्जरलाच लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी त्यानं जास्त टिकते.

घरात इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस कशाला, असं बरेच जण विचारतात. इन्व्हर्टरच्या मागं एक छोटा स्विच असतो: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असताना लाईट गेली की बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंख्याला कळत नाही, पण डेस्कटॉप तेवढ्यात रीस्टार्ट होतो. यूपीएसवर टाकलं तर तो टिकतो. मात्र त्या बाजूला इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत काटेकोर होतो आणि साधारण १८० च्या खाली आलं की लाईट गेली असं समजून बॅटरीवर जातो. म्हणजे ज्या गावात संध्याकाळी रोज व्होल्टेज पडतं, तिथं लाईट असूनही बॅटरी उतरत राहते आणि रात्री खरंच लाईट गेली की घर अंधारात. अशा घरात इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवा आणि कॉम्प्युटरला स्वतःचा छोटा यूपीएस द्या. व्होल्टेज ठीक असलेल्या बेळगाव शहरातल्या घरात इन्व्हर्टर यूपीएसवर टाकून भागेल, फक्त तो प्युअर साइन वेव्ह, म्हणजे लाईनमधून येतो तसाच करंट देणारा असावा.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, गडगडायला लागलं की प्लग काढणं हाच उपाय. स्विच बंद करून चालत नाही. इंटरनेटची वायरही काढा. फायबरची केबल काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही; पण राऊटर प्लगला लावलेला असतो आणि राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची लॅन केबल तांब्याची असते. शेजारच्या गच्चीवरून तांब्याची केबल ओढून नेट घेतलं असेल तर तो धोका फार मोठा. लॅपटॉपला इथं पुन्हा सवलत आहे: सगळं काढून तो बॅटरीवर, वायफायवर चालू ठेवता येतो. वायफायसाठी राऊटर मात्र लागतो, तेव्हा तेवढा वेळ मोबाईलचा हॉटस्पॉट वापरा.

अर्थिंग

डेस्कटॉपच्या पत्र्याच्या कॅबिनेटला मागून हात लावला आणि मुंग्या आल्यासारखं झालं, तर मशीन खराब आहे असं समजून दुकानात नेऊ नका. त्याच्या एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांतून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो तिथंच राहतो. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकाला मागं वायरच जोडलेली नसते. वायरमनकडून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ अशी दोन्ही मापं घ्या. ती जवळपास सारखी यायला हवीत. दुसरं फारच कमी आलं तर अर्थिंग तुटलंय किंवा मुळातच नाही. निपाणी-चिकोडीकडच्या कोरड्या जमिनीत अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, खानापूरला तो प्रश्न कमी. तिसरी पिन काढून दोन पिनांवर डेस्कटॉप चालवणारी घरं आहेत. कृपा करून तसं करू नका, घरात लहान मुलं असतात.

ओल

खानापूरच्या पश्चिमेला पाऊस घरात शिरावा लागत नाही, हवाच पुरते. चपलांना बुरशी येते, कपडे वाळत नाहीत, आणि कॉम्प्युटरच्या आतल्या पितळी-सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. कारवार, अंकोल्याकडं त्यात खारी हवा मिसळते.

इथं डेस्कटॉप पुढं आहे, कारण तो उघडता येतो. पावसाळ्यात डेस्कटॉपची सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीनवर काहीच नाही, कधी बीप बीप आवाज. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, बाजूचा पत्रा उघडा. मदरबोर्डवर (आतला मुख्य बोर्ड) उभी बसवलेली रॅमची पट्टी दिसेल. दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर दाबल्या की ती सुटते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, ते साध्या पांढऱ्या खोडरबरानं हलके पुसा, रबराचा चुरा झटका आणि पट्टी खाच जुळवून दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. बऱ्याच वेळा मशीन तिथल्या तिथं सुरू होतं. लॅपटॉपमध्ये हेच करायला मागचं सगळं झाकण काढावं लागतं, आणि हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. ती पुसता येत नाही आणि पुढं वाढवताही येत नाही. असा लॅपटॉप घेणार असाल तर १६ जीबी घेऊनच टाका.

दोन्हींसाठी पथ्य एकच: पावसाळ्यात मशीन रोज तासभर चालू ठेवा. आतली ऊब ओल घालवते. लॅपटॉप जपायचा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवतात, तिथंच तो लवकर खराब होतो. डेस्कटॉप भिंतीपासून वीतभर पुढं आणि जमिनीवरून उचलून ठेवा. मागच्या रिकाम्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या आहेत का तेही बघा, कारण ऊब शोधत पाल आत जाते आणि एसएमपीएसमध्ये मेली की तो घेऊनच जाते.

तारीख-वेळ सारखी मागं जात असेल आणि बँकेची साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर व्हायरस शोधत बसू नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल बदला.

नवा की ऑफिसातून निघालेला

सेकंडहँडमध्ये डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर ही नावं कानावर येतील. ऑफिससाठी बनवलेली ही मशीनं घट्ट असतात. पण आता एक अट आली आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. पिढी ओळखणं सोपं आहे. आय५-८५०० मध्ये डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी, आय५-१०४०० मध्ये १० म्हणजे दहावी. आय५-६५०० किंवा आय५-७५०० 'एकदम स्वस्तात, विंडोज ११ टाकून' कुणी देत असेल, तर ते मायक्रोसॉफ्टच्या अटी चुकवून टाकलेलं आहे, पुढच्या अपडेटचा भरवसा नाही. असलं मशीन आधीच घरात असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाका. मुलांचा अभ्यास, ब्राऊझर, पत्रं लिहिणं सगळं होतं, मराठी-कन्नड टायपिंगही होतं.

या मशीनमधली जुनी हार्डडिस्क मात्र ठेवू नका. २५६ जीबीची का असेना, नवी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, कितीतरी वेगवान डिस्क) घाला. मिनिटा-दोन मिनिटांनी उघडणारं मशीन काही सेकंदांत उघडतं. इतका फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चानं पडत नाही. आणि अगदी छोट्या, चपट्या कॅबिनेटपेक्षा उभा टॉवर मिळाला तर तो घ्या. छोट्या मॉडेलचा एसएमपीएस त्या कंपनीच्याच आकाराचा असतो. तो गेला तर बेळगावच्या दुकानात लगेच मिळेलच असं नाही, मागवावा लागतो.

नवा असेंबल केलेला (दुकानात सुटे भाग जोडून बनवलेला) डेस्कटॉप याहून महाग, पण प्रत्येक भाग बाजारात मिळणारा. व्हिडिओ एडिटिंग, लग्नपत्रिका-फ्लेक्सचं डिझाइन असं कमाईचं काम घरून करणार असाल तर हाच. ऑल-इन-वनकडं, म्हणजे मॉनिटरमध्येच सगळं मशीन असलेल्या कॉम्प्युटरकडं वळू नका: दुरुस्ती लॅपटॉपसारखी अवघड आणि डेस्कटॉपसारखी बॅटरीच नाही, म्हणजे दोन्हीकडचं नको ते.

दुरुस्तीला कुठं जायचं

ब्रँडेड लॅपटॉपची वॉरंटी देशभर चालते, राज्याची हद्द आड येत नाही. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यांनी खुशाल कोल्हापूरला घ्यावा. विचारायचं ते हे, की वॉरंटी ऑनसाइट (माणूस घरी येतो) आहे की कॅरी-इन (मशीन आपणच न्यायचं), आणि ऑनसाइट असेल तर तुमच्या पिनकोडला माणूस येतो का. लोंढ्याच्या किंवा नंदगडच्या घरासाठी याच प्रश्नावर कधी कधी ब्रँड बदलावा लागतो. सेकंडहँडला दुकानदाराचीच वॉरंटी असते, तेव्हा तो अर्ध्या दिवसात जाऊन येण्याइतका जवळ हवा.

दोन भाषांचं घर

आपल्याकडं मूल मराठी शाळेत, पहाणी उतारा कन्नडमध्ये, आणि पंचायतीची नोटीसही कन्नडमध्ये, असं घराघरात असतं. एका बाजूला कन्नड कागद उघडून दुसऱ्या बाजूला त्याचं मराठी करून बघायचं तर २२ किंवा २४ इंची मॉनिटरवर दोन्ही नीट मावतात. लॅपटॉपच्या १४-१५ इंचांत वयस्कर माणसांना डोळे बारीक करावे लागतात. माझ्या लेखी डेस्कटॉपच्या बाजूनं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण घरातले आजोबाही मग खुर्ची ओढून बसतात.

टायपिंगला दोन्ही सारखेच. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही घाला. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. इंग्रजी अक्षरांनी लिहायची सवय असेल तर फोनेटिक कीबोर्ड निवडा. पण मुलांना इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी शिकवा. त्यात भारतीय लिप्यांची मांडणी एकच आहे: 'के' या कळीवर मराठीत क आणि कन्नडमध्येही क, शिफ्ट-एनवर दोन्हीकडं ळ. एक भाषा बोटांत बसली की दुसरी आपोआप येते, फक्त कन्नड अक्षरं वाचता यायला हवीत. सरकारी कार्यालयांकडून आलेली जुनी कन्नड फाईल उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसली, तर ती नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे असं समजा. तो फॉन्ट टाकला की वाचता येते.

पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करायला लावा. सेटिंगमधल्या 'अबाउट'मध्ये रॅम आणि प्रोसेसर बघा, विंडोज अॅक्टिव्हेट आहे का बघा, सगळे यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह लावून तपासा. बिलावर मशीनचा, एसएसडीचा आणि यूपीएसचा सिरियल नंबर वेगवेगळा लिहून घ्या. तिन्हींची वॉरंटी वेगवेगळ्या तारखेला संपते.