खरखरीत अक्षरांचा संच: जूनपासून वापरल्यावर

मी विशेष शिक्षिका आहे, परळ-लालबागमध्ये मुलांच्या घरी जाऊन शिकवते. जूनमध्ये ऑनलाइन मागवलेला हा देवनागरी संच तेव्हापासून माझ्या पिशवीत असतो. किंमत बाराशे. 'लाकडी' म्हणून विकतात, पण पाट्या एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या आहेत. त्यावर पॉलिश पेपरची अक्षरं, मॉन्टेसरी पद्धतीप्रमाणे स्वर निळ्यावर, व्यंजनं गुलाबीवर.

कागदाला पैकीच्या पैकी. दोन बोटं फिरवताना अक्षर नीट लागतं आणि कातडीही सोलवटत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याची पेन्सिलची पकड सैल आहे, वहीत त्याचा 'म' ओळ सोडून पळतो. पाटीवर तोच 'म' तो गाठीपासून दांड्यापर्यंत न अडखळता गिरवतो. म्हणजे अक्षर डोक्यात बसलंय, हात मागे आहे. वही तपासणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

शिकवण्याची पद्धत जुनीच, सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची, मॉन्टेसरीबाईंनी उचललेली. आधी "हा म", मग "म कुठे आहे?", शेवटी "हे काय?" आमच्या मुलांचा मुक्काम दुसऱ्या पायरीवर आठवडेच्या आठवडे असतो. आयांना तिसऱ्या पायरीची घाई! पण बोलणं उशिरा येणाऱ्या मुलाने बरोबर पाटी उचलून दिली, तर त्याला अक्षर आलं, असंच मी धरते.

सोबतचं माहितीपत्रक अ-आ-इ-ईपासून सुरू करा म्हणतं. ते खुशाल बाजूला ठेवा. ग, म, न, र या चार पाट्या काढल्या की गरम, मगर, नगर असे शब्द लगेच तयार होतात. मुलाला पहिल्याच महिन्यात काहीतरी वाचल्यासारखं वाटायला हवं.

आता रडगाणं. संचात ळ नाही! परळच्या मुलाला परळ लिहिता येत नाही. काना-मात्रा नसलेली तीन अक्षरं, रोज स्टेशनच्या पाटीवर दिसणारी, आणि नेमकं त्यातलं एक गायब. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "सर्व अक्षरे समाविष्ट आहेत." ल आणि श हिंदी वळणाचे. मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श 2009 च्या शासन निर्णयातच ठरलेत. एक ल ओळखायला ज्याला महिना लागतो, त्याच्यापुढे दोन ल कसे ठेवायचे? शेवटी पुठ्ठा आणि पॉलिश पेपर आणून ळ, ल, श घरीच कापले.

सुट्या मात्राही नाहीत, आणि खरी अडचण तिथेच येते. 'कि'मध्ये वेलांटी ऐकू येते मागून, लिहायची पुढे. ती हाताने उचलून क-च्या डावीकडे ठेवता आली तर पटकन समजतं. मी पारदर्शक शीटचे तुकडे वापरते.

जुलैच्या दमट हवेत कोपरे सुटले, फेव्हिकॉलने भागलं. एका स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलीला हा स्पर्शच सहन होत नाही, तिच्यासाठी ताटात रवा पसरते. आणि 'अंध मुलांसाठीही उपयुक्त' या जाहिरातीकडे लक्ष देऊ नका, त्यांना ब्रेल शिकवायचं असतं.

मराठी माध्यमासाठी घेत असाल तर आधी फोटोत ळ शोधा, सुट्या मात्रा आहेत का तेही विचारा. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे, तेही त्या कागदामुळे.