सॉन्ग मेकरवर नऊ महिने शिकवून: अमळनेरच्या एका पेटीवाल्या मास्तरचा अनुभव

गेल्या श्रावणात, घरोघरी कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसली त्या आठवड्यात भाच्याचा जुना लॅपटॉप क्लासात आणला. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली. एवढ्या दिवसांत साधनाचे गुण-अवगुण दोन्ही कळतात, म्हणून लिहितोय. माझा क्लास म्हणजे भाड्याची एक खोली, दोन पेट्या, एक तबलाजोडी आणि बावीस पोरं. बरीचशी प्रारंभिक आणि प्रवेशिका या गाण्याच्या सुरुवातीच्या परीक्षांची, चार-पाच कीबोर्डवाली.

सगळ्यात जास्त वापरलं ते क्रोम म्युझिक लॅब या संकेतस्थळावरचं सॉन्ग मेकर, म्हणजे चाल बांधायचं साधन. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. पडद्यावर चौकटी असतात, चौकट भरली की स्वर वाजतो. आडवा काळ, उभे स्वर. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब हे पोरं पाठ करतात, पण टिंब खाली दिलं म्हणजे आवाज नेमका किती खाली गेला ते त्यांना दिसत नसतं. चौकटीत ते पहिल्याच दिवशी दिसलं.

खरा फायदा झाला तो चाल बांधण्यात. त्यात पेंटाटोनिक नावाची सोय आहे, ती निवडली की सा रे ग प ध एवढेच स्वर उरतात. म्हणजे आयता भूप राग. पोरांना म्हटलं, चार ओळींची चाल बांधा. पेटीवर बसवलं असतं तर निम्मी हात आखडून बसली असती. इथे खोडायला कुणी लाजत नाही. एका पोराने झकास चाल केली, पण ती सारखी धैवतावर जाऊन बसायची आणि वरच्या अंगातच घुटमळायची. म्हटलं, बाबा, हा तुझा भूप नाही, देसकार झाला. स्वर तेच पाच. पण भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देसकारात धैवत. एक रात्रीचा, एक सकाळचा. थाट, म्हणजे रागांचे गट, तेसुद्धा वेगळे, कल्याण आणि बिलावल. पुस्तकातून हा फरक मी वर्षानुवर्षं सांगत आलो आणि पोरं माना डोलवत आली. या वेळी त्याच्याच चालीत बोट ठेवून दाखवता आलं. धैवताच्या रांगेत भरलेल्या चौकटींची गर्दीच दिसत होती.

तालालाही बरं. एका खणात सात मात्रा घेतल्या की रूपक ताल बसतो. खाली ठोक्यांच्या दोन रांगा आहेत: एकीत चौथी आणि सहावी मात्रा भरली, ती टाळी, दुसरीत पहिली, ती खाली. समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली (टाळी न देता हात बाजूला करायची जागा) कशी, या प्रश्नावर दर वर्षी माझा अर्धा तास जायचा. पाच-पाचचे दोन खण घेऊन झपतालही केला. तबल्याचे बोल मात्र तोंडानेच म्हणायचे, तिथे दुसरा इलाज नाही.

आता अडलं कुठे ते. आठवीतल्या एका मुलीने आखाजीचं झोक्यावरचं गाणं चौकटीत बसवलं. दोन दिवस खपली. वाजवलं आणि तोंड पाडून म्हणाली, “सर, मनी माय असं नही म्हनस.” बरोबरच होतं. तिची आई गंधारावरून रिषभावर घसरत येते. चौकटीत ग संपतो, रे सुरू होतो, मधे वाटच नाही. मग त्याच संकेतस्थळावरचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र काढणारं साधन, उघडला आणि तिला माइकसमोर आईसारखं म्हणायला लावलं. पडद्यावर तिरकी, जरा थरथरती रेघ उमटली. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काय असते हे त्या दिवशी बावीसच्या बावीस पोरांनी डोळ्यांनी पाहिलं.

सुरांचं दुसरं दुखणं म्हणजे लॅपटॉपच्या समान अंतरांच्या सप्तकातला शुद्ध गंधार. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा तो जवळपास १४ सेंट चढा असतो, आणि अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. पंचम जेमतेम २ सेंट उतरता, तो कानाला कळतही नाही. म्हणून गळा लावायला लॅपटॉप कधीच नाही, तंबोराच. अर्थात पेटीचंही तेच दुखणं, आणि मी पेटीवाला, मी कोणत्या तोंडाने बोलू? या असल्याच आक्षेपांपायी रेडिओवर १९४० पासून तीन दशकं पेटीला बंदी होती.

कीबोर्डवाल्यांना म्युझिकथिअरी डॉट नेट हे पाश्चात्त्य संगीताचं संकेतस्थळ लावून दिलं. धडे नेटके, कानाचा सरावही चांगला, पण सगळं इंग्रजीत. मी भिंतीवर सापासून मोजलेल्या अंतरांचा तक्ता लावला: मायनर सेकंड म्हणजे कोमल रे, मायनर थर्ड कोमल ग, मेजर थर्ड शुद्ध ग, ट्रायटोन तीव्र म. त्यानंतर पोरं भराभर पुढे जायला लागली.

चुका माझ्याही झाल्या. सॉन्ग मेकरमध्ये सेव्ह दाबल्यावर लिंक मिळते, ती जपून ठेवावी लागते. मी ठेवली नाही आणि सहा पोरांच्या चाली गेल्या; आता लिंक लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकतो. ब्लूटूथ स्पीकरवर ठोका उशिरा येतो, तबलजी वैतागला, म्हणून वायरचा घेतला. सुट्टीत व्हिडिओ कॉलवर क्लास घेऊन पाहिला. एकत्र गाणं अशक्य, आवाज मागे-पुढे होतो, एकेकाला म्हणायला लावूनच निभावलं. आणि एक पैसे भरून घेतलेलं रियाजाचं ॲप, नाव घेत नाही, तीन महिन्यांत बंद केलं. पोरगं बेसूर गायलं तरी त्यात शाबासकीच मिळायची.

सध्या लॅपटॉप फक्त मंगळवारी उघडतो, तोही पोरांनी आधी चाल तोंडाने म्हणून दाखवली तर. मे महिन्यात तेही नाही. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चारला लॅपटॉप आमच्या आधी तापतो.