पोत्सुओली आणि बाया : नेपल्सला जाताय तर नुसत्या पॉम्पेईवर भागवू नका

नेपल्सला जाणारी आपली मंडळी पॉम्पेई करतात, पिझ्झा खातात आणि संध्याकाळच्या गाडीने रोम गाठतात. टूरवाल्यांचा कार्यक्रमच तसा आखलेला असतो. पॉम्पेई बघण्यासारखं आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण रोमन लोक बांधायचे कसे, हे ज्यांना बघायचंय त्यांनी शहराच्या पश्चिमेला पोत्सुओली ते बाकोली या पट्ट्यासाठी एक अख्खा दिवस काढावा. दोन मिळाले तर उत्तमच. माझी नोकरी मराठवाड्यात पाणीपुरवठ्याच्या योजनांवर गेली, त्यामुळे नजर आपोआप टाक्या, उतार आणि प्लास्टरकडे जाते. ते गृहीत धरूनच पुढचं वाचा.

नेपल्सहून दोन नंबरच्या मेट्रोने पोत्सुओलीला उतरायचं आणि उतारावरून बंदराकडे चालत जायचं. भर वस्तीत, रस्त्यापेक्षा खोल जागेत माचेल्लुम आहे, म्हणजे रोमन मंडई. एकेकाळी जमिनीवर फक्त खांबांची टोकं दिसायची आणि त्या जागेला तीन खांबांचा मळा म्हणायचे. १७५० साली खणताना सेरापिस देवाची मूर्ती निघाली, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं सगळे त्याला देऊळच समजत राहिले. तिकीट नाही, पण आतही सोडत नाहीत. कठड्यावरूनच बघायचं. बहुतेक पर्यटक एक फोटो मारून निघून जातात. तुम्ही थांबा. ते तीन उंच संगमरवरी खांब पायापासून वर बघत जा. खालचा साडेतीन मीटरचा भाग गुळगुळीत, त्यावर पावणेतीन मीटरचा पट्टा वाळवी लागलेल्या दारासारखा पोखरलेला, आणि त्याच्यावर पुन्हा स्वच्छ दगड. पोखरणारे आहेत समुद्रातले शिंपले! ही अख्खी मंडई कधीतरी समुद्रात बुडाली, बुडालेल्या अवस्थेत बरीच राहिली आणि पुन्हा वर आली. खालचा भाग गाळात गाडलेला होता म्हणून वाचला. चार्ल्स लायेलने भूगर्भशास्त्रावरच्या आपल्या १८३० च्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं होतं, ते उगाच नाही.

आणि हे प्रकरण संपलेलं नाही. खाली काम्पी फ्लेग्रेई हा ज्वालामुखी पसरलाय, त्याच्यामुळे जमीन वर-खाली होत राहते. १९८२ ते १९८४ या काळात ती जवळजवळ १.८ मीटर उचलली गेली, आणि २००५ पासून पुन्हा वर येतेय. मच्छीमारांच्या जुन्या धक्क्यात होड्या पाण्याऐवजी चिखलावर टेकलेल्या दिसतात. मे २०२४ मध्ये ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तेव्हा निघण्यापूर्वी बातम्या बघा आणि कुठलं स्थळ उघडं आहे याची आदल्या दिवशी खात्री करा.

वरच्या बाजूचं अँफिथिएटर इटलीत आकाराने तिसरं समजतात. वरची आसनं फारशी उरलेली नाहीत, पण मैदानाखालचं तळघर कोलोसियमपेक्षा चांगलं टिकलंय. जनावरांचे पिंजरे वर ओढायची भोकं छतात तशीच आहेत. आम्ही गेलो तेव्हा तळघर उघडं होतं आणि आत आमच्याशिवाय दोन-तीनच माणसं. उन्हाळ्यात तेवढ्या गारव्यासाठीसुद्धा जावं.

रिओने तेर्रा ही टेकाडावरची जुनी वस्ती १९७० मध्ये जमीन उचलायला लागल्यावर रिकामी केली. तिथलं कॅथेड्रल १९६४ मध्ये आगीत जळालं आणि बरोक सजावटीच्या आड दडलेलं रोमन मंदिर उघडं पडलं. आता त्या मंदिराच्या खांबांमध्ये काच बसवलीय आणि आत प्रार्थना चालते. खाली रोमन गल्ल्या आहेत, दुकानांच्या ओळी आहेत. गाईडबरोबरच सोडतात, बुकिंग करून जा.

बायाला, म्हणजे रोमन श्रीमंतांच्या हवा खायच्या गावाला, स्नानगृहांचा मोठा उतरता परिसर आहे. पायऱ्या भरपूर. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांनी अर्ध्यावरच संप पुकारला, ते वरच्या बाकावर समुद्र बघत बसले. मी खाली उतरून ‘मर्क्युरीचं मंदिर’ बघितलं, जे प्रत्यक्षात स्नानगृहाचं दालन आहे. साडेएकवीस मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, रोमच्या पँथिऑनच्याही आधीचा. आत गुडघाभर पाणी साचलेलं, आवाज घुमतो. जवळच एका कमानीच्या छतातून अंजिराचं झाड चक्क उलटं, खालच्या दिशेने वाढलंय. त्याच्यासमोर फोटोसाठी रांग होती, घुमटासमोर नव्हती.

बायाचा निम्मा भाग समुद्राखाली गेलाय. काचेच्या तळाच्या बोटीतून तो दाखवतात. खरं सांगायचं तर पैशाच्या मानाने मला बोट कमी वाटली. पाणी ढवळलेलं असेल तर भिंतींच्या रेषा आणि पुतळ्यांचे आकार अंदाजानेच ओळखायचे. शिवाय पाण्यातले ते पुतळे प्रतिकृती आहेत. मूळ पुतळे वरच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये. आधी किल्ला करा. तिथे क्लॉडियस बादशहाच्या भोजनदालनातले पुतळे ठेवलेत, त्यातला मद्याची पखाल धरलेला, ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस याचा सोबती बघितला की बोटीतून काय शोधायचं ते कळतं. डायव्हिंग येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मोझेकच्या फरशांपर्यंत जाता येतं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. बाकोलीतली पिशिना मिराबिलिस. बाहेरून काहीच नाही, साध्या घरांच्या गल्लीत एक फाटक. उभ्या जिन्याने खाली उतरलं की समोर सुमारे ७० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच टाकी. दगडात कोरून काढलेली, आत ४८ खांब. क्षमता १२,६०० घनमीटर, म्हणजे एक कोटी सव्वीस लाख लिटर. मिसेनुमच्या रोमन आरमाराला पाणी पुरवायला बांधलेली, आणि ते पाणी यायचं सेरिनोच्या झऱ्यांवरून, सुमारे ९६ किलोमीटर, सगळं ग्रॅव्हिटीवर. वाटेत पॉम्पेई, नेपल्स, पोत्सुओलीला देत देत. शेवटच्या गावाला पाणी पोचवणं काय असतं, हे आमच्या खात्यातल्या कुणालाही विचारा.

मी भिंतीवर हात फिरवला. चुन्यात विटांची भुकटी घातलेलं प्लास्टर, आपण ज्याला सुरखी म्हणतो तेच. भिंत आणि तळ जुळतात तिथे वाटा, म्हणजे कोपऱ्याला गोलाई, काढलेला, आपण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला काढतो तसाच. मधल्या रांगेत तळ मीटरभर खोल केलाय, कारण टाकी धुताना गाळ तिथे जमा व्हावा. पाणी वर, छतातल्या भोकांतून उपसत. या भागातली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होतं, हे त्यांना माहीत होतं. आज आपण घराला जी पीपीसी सिमेंट वापरतो, तिच्यात औष्णिक वीजकेंद्राची राख घालतात ती याच तत्त्वावर.

बायाला जाण्यासाठी आम्ही एका खाजगी एजन्सीची गाडी-गाईड घेतली होती. गाईडने ‘ती नुसती टाकी आहे’ म्हणून पिशिना गाळायचा बेत केला होता. मी ऐकलं नाही. स्वतःच बस किंवा लोकलने जा, आणि पिशिनाचं बुकिंग आधी करा. अँफिथिएटर, बाया, किल्ला आणि जवळचं कुमे हे प्राचीन शहर यांचं एकत्र तिकीट मिळतं, पिशिना त्यात येत नाही. साप्ताहिक सुट्टी सगळीकडे एकाच दिवशी नसते.

खाण्याचं म्हणाल तर बंदरावर सगळं मासळीचं. शाकाहारी असाल तर मारिनारा पिझ्झा मागा, त्यात चीजसुद्धा नसतं. किंवा फ्रिआरिएल्ली नावाची कडसर पालेभाजी लसूण घालून परततात, ती भाकरीबरोबर झकास लागेल.

एक सकाळ नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियमसाठी ठेवा. पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती भारतीय मूर्ती तिथे आहे, वीतभराहून थोडी उंच. लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी मानतात. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत, त्यामुळे तीही मराठवाड्यातूनच गेली असावी असं मानणारे बरेच आहेत. भोकरदनच्या योजनेवर मी काम केलंय, तेव्हा तिला बघून काय वाटलं हे वेगळं सांगायला नको. फक्त तिला ठेवलंय ‘गुप्त दालना’त, रोमन शृंगारिक चित्रांच्या आणि वस्तूंच्या घोळक्यात. लहान मुलं बरोबर असतील तर विचार करून आत शिरा. म्युझियम मंगळवारी बंद असतं.